आमची वाटचाल : सोलापुरातला बिनपंख्याचा कॉम्प्युटर

आमच्या धंद्याची सुरुवात एका तुंबलेल्या हीटसिंकपासून झाली. हीटसिंक म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, त्याला पातळ पात्या असतात, त्यांना फिन्स म्हणतात. 2010 साली माझं नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अशोक चौकाकडच्या एका टॉवेल कारखान्यातून दर दोन महिन्यांनी तेच मशीन यायचं आणि तक्रारही तीच, "दुपारी बंद पडतंय." उघडलं की पंखा जाम झालेला आणि फिन्सच्या फटींवर सुताच्या तंतूंचा थर बसलेला असायचा. चिमट्यानं ओढला की तो नमद्याच्या तुकड्यासारखा अख्खा निघायचा. त्यात रंगांचे पदर दिसत. तळाला मरून, त्यावर बाटली हिरवा, सगळ्यात वर पांढरा. मागावर कुठल्या महिन्यात कुठली ऑर्डर होती, ते थर बघून सांगता यायचं.

त्या कारखान्यात जेकार्डची (मागावर विणायच्या नक्षीची) डिझाइन करणारे अण्णा एकदा स्वतःच मशीन घेऊन आले. म्हणाले, "तू दर वेळी साफ करून पैसे घेतोस, ते ठीक. पण पंखा हाय म्हणूनच ते सूत आत ओढतंय की. पंखाच काढला तर?" मी त्यांना अर्धा तास समजावलं की असं होत नसतं. रात्री घरी गेल्यावर मात्र झोप लागली नाही. अण्णा बरोबर होते.

झालमन या कोरियन कंपनीची टीएनएन 500ए ही पेटी मला फोटोत माहीत होती. अख्खी केस म्हणजेच हीटसिंक. ती मागवण्याची ऐपत नव्हती आणि तशी पेटी सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल का, हे सांगणारा कोणी भेटला नाही. म्हणून स्वतःच करायचं ठरवलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक लेथवाले मामा होते. यंत्रमागाचे शाफ्ट आणि बुश करण्यात त्यांची हयात गेली होती. कॉम्प्युटर त्यांनी कधी हाताळला नव्हता, पण धातू त्यांना कळायचा. प्रोसेसरची उष्णता फिन्सपर्यंत नेते ती हीट पाइप, आत थोडं पाणी असलेली तांब्याची बंद नळी. पहिल्या हीट पाइप मी हातानं वाकवल्या आणि सगळ्या कोपऱ्यात चपट्या झाल्या. आतली वात दबली की वाफेची वाट बंद, मग ती पाइप नुसती तांब्याची काडी उरते. एक पाइप मी गॅसवर गरम करून वाकवायला गेलो. आत पाणी आहे, दोन्ही टोकं बंद आहेत, हे विसरलोच. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. मामांनी मला बाजूला केलं आणि दुसऱ्या दिवशी पितळेची एक छोटी पुली कातून आणली. 6 मिलिमीटरच्या पाइपला केसभर सैल बसेल अशी खाच आणि 20 मिलिमीटरची त्रिज्या. ती पुली आजही रोज वापरात आहे. खाच इतकी गुळगुळीत झाली आहे की बोट फिरवलं तर काच वाटावी.

पाइप जिवंत आहे का, हे बघायची आमची पद्धत साधी आहे. तांब्याभर कडक पाणी घ्यायचं, पाइपचं एक टोक त्यात बुडवायचं, दुसरं चिमटीत धरायचं. दोन-तीन सेकंदांत चटका बसला तर पाइप चांगली. बसला नाही तर भंगारात. आलेली प्रत्येक पाइप अशी तपासतो, कितीही घाई असली तरी. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासतो, आधी 400, मग 800, मग 1200. निळा मार्किंगचा रंग लावून दाबून बघायचं, सगळीकडे सारखा डाग उमटला की झालं. अॅल्युमिनियमच्या सेक्शनला (फिन्स असलेल्या बाजूच्या पट्टीला) एम3 स्क्रूचे आटे पाडताना टॅपला रॉकेल लावा. कोरडा टॅप आत तुटला की नऊ किलोची पेटी टेबलावर घेऊन बसावं लागतं, आम्ही बसलो आहोत.

पहिली पेटी अण्णांना 2011 च्या दिवाळीत दिली. 65 वॅटचा प्रोसेसर, पंख्याविना पॉवर सप्लाय, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली डिस्क. त्या काळी नुसती एसएसडी आणि तो पॉवर सप्लाय यातच माझा नफा गेला. अण्णांनी मशीन चालू केलं आणि मिनिटभर नुसते बघत बसले. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात काम केलेला माणूस. शेवटी विचारलं, "चालू हाय का हे?" मी म्हटलं, बाजूला हात लावून बघा. लेकराचा ताप बघावा तसा त्यांनी फिन्सवर तळहात ठेवला आणि हसले.

पुढची दोन वर्षं बरी गेली. कीर्तनाचं रेकॉर्डिंग करणाऱ्या एकानं घेतली, दोन दवाखान्यांनी घेतल्या, मागवाल्यांनी तर घेतल्याच. आणि मग 2014 आलं.

पुण्याचा एक व्यापारी आला. 40 पेट्या हव्या होत्या त्याला. नमुना म्हणून एक रोखीनं घेतली आणि ड्रॉइंग मागितलं, "ग्राहकाला दाखवायला." मी दिलं. दोन पेट्यांची कमाई नसलेल्या माणसाला 40 चा आकडा ऐकल्यावर काय सुचणार? 40 पेट्यांचं अॅल्युमिनियम उधारीवर उचललं. त्यानंतर त्यानं फोन घेणं बंद केलं.

त्यानं आमची पेटी उतरवली होती. फिन्स एकमेकींपासून तीन मिलिमीटरवर, कारण जास्त फिन्स म्हणजे जास्त थंड, असा त्याचा हिशेब. पंखा असेल तर तो खराही ठरतो. पण नुसती गरम होऊन वर चढणारी हवा तीन मिलिमीटरच्या फटीत गुदमरते. एक फूट उंचीच्या फिनला नऊ-दहा मिलिमीटर जागा लागते, आम्ही चार सेक्शन वाया घालवून ते शिकलो होतो. त्यातून त्यानं फिन्स आडव्या ठेवल्या. वर पावडर कोटिंग केलं, आणि जिथं पाइप बाजूच्या पत्र्याला टेकते त्या खाचेतही रंग गेला. बाहेरून रंग असला तर बिघडत नाही, उलट कोऱ्या चकचकीत अॅल्युमिनियमपेक्षा रंगवलेला पृष्ठभाग उष्णता जास्त फेकतो. पण सांध्यात रंग म्हणजे गोधडी.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच. त्यानं माल दाखवला जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू असताना. दहा मिनिटं मशीन चालवलं, हात लावला, गार! नऊ किलो अॅल्युमिनियम तापायला तासभर तर नुसता जातो. दहा मिनिटांच्या चाचणीत लोखंडाचा बत्ताही उत्तम कूलर ठरेल. लोकांनी मशीन घेतली आणि एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता ती एकेक करून बंद पडायला लागली. नाव कोणाचं झालं? "सोलापूरच्या त्या बिनपंख्याच्या पेट्या." माझ्या दुकानात येऊन लोक भांडले, ज्यांना मी काही विकलंच नव्हतं असे लोक. एका जुन्या ग्राहकानं चांगली चालणारी पेटी परत आणून टाकली, विश्वास नाही म्हणाला. हे मला अजून लागतं.

त्या उन्हाळ्यात दुकान बंद करायचा बेत झाला होता. उधारीवाला दारात, बायकोचे दागिने बँकेत. मामांनी पाच महिने मजुरी घेतली नाही, विषयही काढला नाही. अण्णा एक दिवस आले आणि दोन पेट्यांचे पूर्ण पैसे टेबलावर ठेवले. त्यांना एकीचीही गरज नव्हती. मी नको म्हटल्यावर रागावले, "मी डिझाइनचा अॅडव्हान्स घेत नाही का? तू का लाजतोस?"

मे महिन्यात आम्ही वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये पेटी मांडली. सहा ग्राहकांना बोलावलं, भांडून गेलेले दोघेही त्यात. दुपारी बाराला प्राइम95 (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम) लावलं आणि चारपर्यंत हलू दिलं नाही कोणाला. ताक, कडक भाकरी, शेंगा चटणी, सगळी सोय केली होती. शेडमध्ये 43 अंश. तीन वाजता फिन्स 71 वर आणि प्रोसेसर 88 वर जाऊन थांबला. चार वाजेपर्यंत एक अंशही पुढे नाही. त्या प्रोसेसरची हद्द 100 ची होती. थंडीत तोच प्रोसेसर साठीच्या आसपास राहतो, कारण पेटी खोलीपेक्षा किती वर जाणार ते साधारण ठरलेलं असतं, खोलीचं तापमान आपण ठरवत नाही. सहापैकी चौघांनी त्याच दिवशी ऑर्डर दिली. त्या व्यापाऱ्यानं पुढच्या वर्षी तो धंदा सोडल्याचं कळलं. मला आनंद झाला, लपवत नाही.

नंतरची वर्षं कामात गेली. उधारी फिटली, दागिने सुटले, मामांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे होतो. 2021 साली नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएच-पी1 आला, सव्वा किलोच्या आसपासचा पंख्याविना कूलर. त्याच्या जाड आणि एकमेकींपासून लांब ठेवलेल्या फिन्स बघून मामा म्हणाले, "बघा, त्यांनीपण जागा सोडलीय."

आता प्रोसेसर बदललेत. प्रोसेसरच्या खोक्यावर 65 वॅट छापलेलं असतं आणि आय7-12700 सारखा प्रोसेसर टर्बोत, म्हणजे पूर्ण जोर लावतो तेव्हा, 180 पर्यंत जातो. म्हणून आम्ही बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वॅटची मर्यादा घालूनच मशीन देतो आणि ग्राहकाला ते समोर बसवून दाखवतो. ग्राफिक्स कार्ड 75 वॅटचं असेल तर दुसऱ्या बाजूच्या पॅनेलवर घेतो. 300 वॅटचं कार्ड पंख्याविना मागाल तर आम्ही नाही म्हणतो, ऑर्डर गेली तरी चालेल. आणि कृपा करून पेटीवर धूळ बसू नये म्हणून कापडी कव्हर घालू नका. कपाटात ठेवू नका, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, वर फाइलींचा गठ्ठा रचू नका. प्रोसेसर आणि ठोकळ्याच्या मधली पेस्ट पाच वर्षांनी बदला. दर वर्षी दोन-तीन पेट्या आमच्याकडे येतात आणि त्यातल्या एकीवर तरी टेबलक्लॉथ घातलेला असतो.

मागच्या महिन्यात अण्णांचा मुलगा 2011 ची पेटी घेऊन आला. बोर्ड गेला होता. उघडली तर आत सुताचा एक धागा नाही, तळाशी थोडी धूळ तेवढी. पाइप कडक पाण्यात बुडवून बघितल्या, सगळ्या जिवंत. ठोकळा नव्या प्रोसेसरसाठी परत घासला, नवा बोर्ड टाकला. बाहेरून नवीन ॲनोडायझिंग करून देतो म्हटलं तर मुलगा नको म्हणाला. उजव्या बाजूच्या मधल्या चार-पाच फिन्सचा काळा रंग उडून धातू उघडा पडला आहे, अण्णा रोज सकाळी मशीन लावल्यावर तिथंच हात ठेवतात.