सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या सिटी व्हीटेकचा टायमिंग बेल्ट

टोयोटा सुप्रा आणि माझदा आरएक्स-7 या जपानी स्पोर्ट्स कार आपण मोबाइलवर बघायच्या. खिशाला झेपेल अशी जुनी जपानी मस्ती हवी असेल, तर 2000 साली आलेली होंडा सिटी 1.5 व्हीटेक. दिसायला चार दारांची बापुडी सेडान; पण 106 बीएचपी, वजन टनाच्या आसपास, आणि आरपीएमचा काटा वर चढला की व्हीटेक, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची पद्धत बदलणारी होंडाची यंत्रणा, जागी होते आणि इंजिनाचा सूरच पालटतो. माझी 2002 ची आहे. आधीच्या मालकाने सस्पेन्शनला लाल स्प्रिंगा, डब्याएवढा एक्झॉस्ट, सगळी हौस केली होती. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकच्या फिरण्याशी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची सांगड घालणारा दातेरी पट्टा, कधी बदलला, एवढं मात्र त्याला सांगता येईना.

या इंजिनात चालू गाडीत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, मग इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून पॉवरच्या गप्पा नंतर. आधी बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर, ऑइल सील आणि वॉटर पंप. पंप त्याच बेल्टवर फिरतो, एवढं उघडून तो जुना ठेवणं म्हणजे दळभद्री काटकसर.

सामानासाठी पुण्यातली नाना पेठ. पहिल्याच दुकानात काउंटरवरचे काका म्हणाले, ‘‘सिटीला बेल्ट कुठला? तिला चेन असते.’’ म्हटलं, काका, चेन नंतरच्या सिटी झेडएक्सला, ही तिच्या आधीची. मग ते माळ्यावर चढले.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सेक्रेटरींची एकच अट होती, फरशीवर ऑइलचा थेंब दिसता कामा नये. एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरला आणि डावं पुढचं चाक काढलं. गाडी जॅकवर नाही, स्टँडवरच ठेवायची. यात हयगय नको.

खरी कुस्ती क्रँक पुलीच्या बोल्टशी. तो वर्षानुवर्षं आवळत गेलेला असतो. मित्राचा सल्ला होता, ‘‘पाना अडकव आणि स्टार्टरचा झटका दे.’’ बऱ्याच गाड्यांत ही युक्ती चालते. पण होंडाची ही जुनी इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेला फिरतात, त्यामुळे झटका दिला की बोल्ट आणखी आवळणार. पुलीच्या आत 50 मिमीची षटकोनी खाच असते. तिच्यात बसणारा, मधून पोकळ असा होल्डर भोसरीतल्या एका जॉबवर्कवाल्याकडून करून घेतला. पुण्यात राहण्याचा हा फायदा, कागदावर चित्र काढून दिलं की संध्याकाळी लोखंडात मिळतं. होल्डर अडवला, पान्याला लांब पाइप चढवला, मी आणि मित्र दोघांनी जोर लावला. असा कडाड आवाज झाला की वॉचमनमामा धावत आले. बोल्ट सुटला होता.

पुढचं काम ताकदीचं नाही, नजरेचं. कॅम पुलीवरचं ‘अप’ वर, तिच्या बाजूच्या दोन खुणा हेडच्या पातळीत, क्रँकच्या दातावरची खूण ऑइल पंपावरच्या बाणासमोर. टेन्शनरला हाताने ताण द्यायचा नसतो. त्याचा बोल्ट ढिला ठेवून इंजिन त्याच्या नेहमीच्या, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने कॅम पुलीचे तीन दात फिरवायचं. स्प्रिंग बेल्टला हवा तेवढा ताण देते, मग बोल्ट घट्ट. त्यानंतर पूर्ण फेरे हातानेच देऊन खुणा पुन्हा तपासायच्या. फेरा कुठेही अडला तर थांबायचं. स्टार्टरला इतकी समज नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, इनटेक व्हॉल्व्हची फट 0.20 आणि एक्झॉस्टची 0.25 मिमीवर आणली. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरची टकटक गेली.

लाल स्प्रिंगा गॅरेजमध्ये काढून घेतल्या. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जबडाच फोडते, तो खेळ घरी नको. एक्झॉस्टही कंपनीचा बसवला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल नको म्हणून स्पष्ट केलं, आणि माझी आरसी 2027 मध्ये पुन्हा नूतनीकरणाला जाणार आहे. पण खरं सांगायचं तर कायद्याआधी कानांनी निकाल दिला होता. त्या डब्याच्या घरघरीत व्हीटेकचा आवाज ऐकूच येत नव्हता.

आता सस्पेन्शनचे नवे रबरी बुश, बरे ब्रेक पॅड आणि वेळेवर ऑइल. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वरच्या आरपीएमला रॉकर एकमेकांना जोडणाऱ्या पिना ऑइलच्या दाबावरच सरकतात. हा दाब सोडणाऱ्या व्हीटेक सोलेनॉइडच्या गॅस्केटमधून थोडा पाझर आहे. नाना पेठेतल्या काकांनी ते मागवलंय, पुढच्या रविवारी बसवेन.