कपाटातल्या फायली

आज बेळगावात दिवसभर लाईट नव्हती, एक थ्रिलर कादंबरी संपवूनच टाकली. इटलीतलं १९४४ चं हत्याकांड आणि त्याचा आजच्या खुनांशी धागा, खुनी कोण ते निम्म्यातच कळलं, असो. पण खरी गोष्ट त्याहून भारी आहे की! सांतान्ना दि स्टाझेमा गावात १२ ऑगस्ट १९४४ ला हिटलरच्या नाझी एसएस दलवाल्यांनी साडेपाचशेच्या आसपास माणसं मारली, बायकापोरंसुद्धा, आणि असल्या गुन्ह्यांच्या फायली सापडल्या कधी तर १९९४ ला, रोममधल्या एका कपाटात, ज्याचं दार भिंतीकडं! २००५ ला दहा जणांना जन्मठेप, तीपण गैरहजेरीत, आत कुणीच गेलं नाही. त्याच वर्षी, ४४ ला, आपल्या मराठा रेजिमेंटची पोरं इटलीतच लढत होती, यशवंत घाडगेंचा व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच. यावर मराठीत कुणीतरी लिहा की राव.