सिंहगडावरचे हिरवे ठिपके

आज संध्याकाळी सिंहगडावर होतो. समोर राजगड-तोरणा, त्यांच्या उजवीकडे सूर्य टेकत आलेला. पहिले वीसेक फोटो पाहिले आणि जीव हळहळला. सगळ्यांवर पांढुरकी साय, आणि सूर्यापासून फ्रेमच्या मध्यातून पार समोरच्या कोपऱ्यापर्यंत हिरव्या ठिपक्यांची तिरकी रांग.

लेन्स म्हणजे एक काच नव्हे, आत बरीच भिंगं असतात. थेट शिरलेला उजेड त्यांच्यात आपटत राहतो, त्याचीच ही भुतं. भिंगांवरच्या कोटिंगने, म्हणजे पातळ लेपाने, ती कमी होतात, पुरती जात नाहीत. त्यात माझा यूव्ही फिल्टर म्हणजे आणखी एक सपाट काच, आणि तिच्यावर बोटाचा तेलकट ठसा! फिल्टर काढला, लेन्स पुसली, बरेच ठिपके तिथेच गेले. मग सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर ठेवून डाव्या पंजाची सावली लेन्सवर धरली, तर तोरण्याची धार काळीभोर उमटली. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची झडप, हेच काम करतो, पण सूर्य फ्रेममध्येच असला की त्याचाही इलाज चालत नाही.

शेवटी अर्धं पाऊल सरकलो आणि सूर्य झाडाच्या खोडाआड घेतला. तो फोटो खाली टाकलाय. झूम करून बघा, एकही ठिपका नाही.