बामणोलीच्या लाँचवरचं धुराडं

साखर कारखान्यातल्या स्टीम लाइनला लॅगिंग करणं, म्हणजे उष्णता अडवायला पाइप गुंडाळणं, हे माझं काम. अठरा वर्षं झाली. गाळप सुरू असलं की आम्हाला उसंत मिळते, कारण चालू लाइनला हात लावता येत नाही. अशाच एका जानेवारीत साताऱ्याच्या शेडवर बामणोलीहून फोन आला. लाँचवर शेगडी बसवली आहे, तिच्या धुराड्याचं गुंडाळणं एकदा बघून जा.

कास ओलांडून खाली उतरलो तेव्हा शिवसागरावर धुकं होतं. कोयनेचं धरण झालं, खोरं पाण्याखाली गेलं, तेव्हापासून पलीकडच्या काठच्या गावांना लाँच हीच एसटी. मालक साठीचे, सगळे त्यांना तात्या म्हणतात. शेगडी चैनीसाठी नव्हती. रात्री-अपरात्री पलीकडून आजारी माणूस आणायचं असतं, बाळंतीण असते. हिवाळ्यात पाण्यावरचा गारठा हाडात शिरतो. म्हणून त्यांनी जाड पत्र्याची छोटी लाकडाची शेगडी करून घेतली होती आणि तिचा चार इंची पाइप प्लायच्या छतातून वर काढला होता.

गुंडाळणं दिसायला चकाचक होतं. ग्लासवूल, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, छतापाशी स्टीलची तबकडी चार स्क्रूंनी आवळलेली. तात्यांनी तापमान बघायची बंदूक तबकडीवर धरली. "बघा मिस्त्री, सेहेचाळीस दाखवतंय. हात लावला तरी चालंल." पण त्यांनी स्वतः हात लावला नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. शेगडी तासभर पेटती होती आणि केबिनमध्ये एक आंबूस, करपट वास होता. हा वास मी ओळखतो. ग्लासवूलची काच टिकते, पण तिचे धागे धरून ठेवणारा डिंक सव्वादोनशे-अडीचशे डिग्रीच्या आसपास जळायला लागतो.

ही बंदूक तापमान थेट मोजत नाही. वस्तू जी उष्णता बाहेर फेकते तेवढीच तिला दिसते. चकचकीत धातू फारच कमी फेकतो आणि आरशासारखा आजूबाजूचा गारठाच परत दाखवतो. मी शेगडीच्या दारातली काजळी चिमूटभर घेतली, तबकडीवर रुपयाएवढी फासली आणि तिथं बंदूक धरली. १६२.

तात्या काही बोलले नाहीत. मी शेगडी विझवायला सांगितली. पाइप गार व्हायला पाऊण तास गेला. मग तबकडीचे स्क्रू काढले. भोकाभोवतीचा प्लाय दोन बोटं रुंदीला काळा पडला होता. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं तर भुगा गळाला, तो भुगा नव्हे, कोळसाच. त्याच्या बरोबर खाली फळीवर गोधड्यांची चळत होती आणि दोन हातांवर डिझेलचा कॅन.

लाकूड पेटायला ज्वाळा लागतेच असं नाही. रोज थोडं थोडं भाजत राहिलं की त्याचा कोळसा होत जातो, आणि असं भाजलेलं लाकूड कोऱ्या लाकडापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला धुमसायला लागतं. महिना-दोन महिने काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. त्यात भोकात ग्लासवूल ठासून भरलेलं. ठासलं की आतली हवा जाते, आणि उष्णता अडवते ती खरी हवाच. शिवाय ते चार स्क्रू तापलेल्या तबकडीतली उष्णता सरळ प्लायच्या पोटात नेत होते.

पाण्यावर आग लागली तर उडी मारून वाचता येईल, असं काठावरच्या माणसाला वाटतं. पण बंद केबिनमध्ये झोपलेली बाळंतीण कुठं उडी मारणार? तो विचार दिवसभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

तात्यांनी मदत म्हणून कुठल्याशा गिरणीच्या भंगारातली पांढरी दोरी आणून दिली. अ‍ॅस्बेस्टॉस. मी ती न उसवता पिशवीत बांधून बाजूला ठेवली. माझे उस्ताद असल्याच दोऱ्या उघड्या तोंडानं वळत आले, आणि म्हातारपणी चार पायऱ्या चढताना त्यांना दम घ्यावा लागे. हा धागा फुप्फुसात गेला की निघत नाही, आणि त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. मी गुंडाळायला आणलेलं सिरॅमिक धाग्यांचं ब्लँकेटही छातीला चांगलं नाही. ते कापताना माझ्या हाताखालच्या पोराला आणि मला मास्क होता, वर पाण्याचा फवारा.

प्लाय चांगला लागेपर्यंत कापत गेलो, भोक बारा इंचांचं झालं. जुना पाइप काढून स्टेनलेसचा घातला, कारण गुंडाळल्यावर पाइप उघड्यापेक्षा जास्त तापतो आणि साधा पत्रा आतून लवकर खाल्ला जातो. सांधे असे बसवले की वरच्या नळीचं टोक खालच्या नळीत शिरेल. धुरातलं डांबर मग आतल्या आत शेगडीत उतरतं, बाहेर ओघळत नाही. लॅगिंग करायच्या आधी ओलं लाकूड घालून धूर केला आणि प्रत्येक सांधा बघितला. एकदा गुंडाळलं की चीर दिसत नाही, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. केबिनची एक खिडकी बोटभर कायम उघडी राहील असा ठोकळा तिथंच मारून टाकला आणि वायूचा अलार्म घ्यायला लावला.

मग एक-एक इंची ब्लँकेटचे दोन थर. वरच्या थराचा सांधा खालच्यावर येऊ दिला नाही, तार फक्त धरण्यापुरती ओढली. त्यावर पत्र्याचं क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचं कवच, वरचा पत्रा खालच्यावर चढवून, म्हणजे पाऊस बाहेरून निथळेल. ओलं लॅगिंग कुचकामी असतं. छतापाशी क्लॅडिंग आणि प्लाय यांच्यामध्ये चौफेर दोन इंच मोकळी जागा सोडली, काही न भरता. ती झाकणाऱ्या पत्र्यांना खाली बुश, म्हणजे अंतर राखणारी छोटी नळकांडी, दिले, त्यामुळे हवा खेळती राहिली. वरून पावसासाठी पत्र्याची टोपी, तीही पाइपाला धरून, छताला नाही. शेगडीपासून पहिला हातभर पाइप उघडाच ठेवला, केबिन तिथूनच तापते. त्याच्या मागच्या भिंतीला इंचभर अंतर सोडून पत्रा लावला. तात्यांना ती मोकळी जागा पटेना. "एवढं कापलं आन् भरलं काहीच न्हाय?" मी म्हटलं, दोन तास पेटवून बघू.

बाभळीची लाकडं घालून दोन तास पेटवली. क्लॅडिंगवर आणि छताच्या पत्र्यावर मी काळ्या रंगाचा एकेक ठिपका दिला होता. क्लॅडिंगचा ठिपका ६१, छताचा ३८. मग तात्यांनी बंदूक बाजूला ठेवली आणि प्लायच्या कडेला तळहात टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

अंधार पडायच्या आत पलीकडून हाक आली, कुणाला तरी ताप होता. तात्यांनी शेगडीत दोन लाकडं सारली आणि लाँच सोडली. आम्ही धक्क्यावर हत्यारं गोळा करत होतो. तेवढ्यात पाण्यावरून त्यांचा आवाज आला, "मिस्त्री, ठिपका चाळीस!" मेमध्ये, पावसाच्या आधी, टोपीचा सांधा बघायला येतो असं मी ओरडून सांगितलं.