पीस रेटवरची ग्रॅच्युइटी: हिशोब कुठे मारला जातो

पीस रेटवर, म्हणजे नगावर मजुरी घेऊन, काम करणाऱ्याला ग्रॅच्युइटी (काम सुटताना मालकाने द्यायची रक्कम) नसते, हे सोलापुरात इतक्यांदा सांगितलं जातं की मागावर आयुष्य काढलेल्यालाही ते खरं वाटतं. साफ खोटं आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात पीस रेटचा हिशोब दिला होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे. अट पाच वर्षं सलग नोकरीची. राजीनामा दिला तरी हक्क जात नाही. कामगार वारला तर पाच वर्षांची अटही नाही, पैसे वारसांना.

हिशोब असा. टॉवेलच्या मागावर ११ वर्षं ७ महिने काम. शेवटच्या तीन महिन्यांची मजुरी, ओव्हरटाइम सोडून, ४०,५६० रुपये. कामाचे दिवस ७८. रोजचे ५२० झाले. पंधरा दिवसांचे ७,८००. वरचे महिने सहापेक्षा जास्त, म्हणून १२ वर्षं धरायची: ९३,६००. मुनीम ७८ ऐवजी ९० ने भागतो आणि रक्कम ८१,१२० वर येते. भागाकारात १२,४८० रुपये गेले! म्हणून हिशोबाचा कागद मागा, नुसता आकडा ऐकू नका.

खरी लढाई मात्र आकड्याची नसते. ‘हा आमच्याकडे कामालाच नव्हता’ असं मालक लिहून देतो, किंवा एकाच शेडमधले माग बाप, मुलगा, सून अशा तीन नावांवर दाखवून कामगार दहाच्या आत आणतो, कारण दहापेक्षा कमी कामगार असले की ग्रॅच्युइटी लागू होत नाही. यावर उपाय आधीपासून करावा लागतो. ईएसआय (कामगार विमा) कार्ड, पीएफचं पासबुक, खात्यावर आलेली मजुरी हे भक्कम. आठवड्याच्या पगाराबरोबर नग आणि दर लिहिलेली चिठ्ठी मिळत असेल तर त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा. घामाच्या खिशात पेन्सिलीचं अक्षर टिकत नाही. दिवाळीला बोनसच्या नावाखाली कोऱ्या कागदावर सही मागतात. पुढे तोच कागद ‘सर्व हिशोब मिळाला’ म्हणून समोर येतो.

काम सुटल्यावर ३० दिवसांत मालकाला लेखी अर्ज द्या. हातात घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. पैसे देण्याची मालकाची मुदतही ३० दिवसांचीच, त्यानंतर व्याज चढतं. नकार आला किंवा उत्तरच नाही, तर ग्रॅच्युइटीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा. ९० दिवसांच्या आत जायचं धरून चला. उशीर झालाच तर कारण लिहून, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडून अर्ज करा. तोंडी तक्रारीला तिथे काही किंमत नाही.

आणि सोडायची वेळ निवडता येत असेल तर मंदीत सोडू नका. बाजार पडलेला, रोजचे नग निम्म्यावर, अशा तीन महिन्यांची सरासरी सगळ्या वर्षांना लागते.