पाऊण टक्का

आमच्या सोसायटीतल्या भिशीचा हिशोब अकरा वर्षं माझ्याकडे होता. आम्ही बारा जणी, दरमहा दोन हजार. जिची चिठ्ठी निघेल तिच्या घरी पुढच्या महिन्यात जमायचं. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग, संक्रांतीला वाण. सगळ्या जणी मनाने चांगल्या. माझी आई गेली तेव्हा आठ दिवस त्यांनी आळीपाळीने डबा पोचवला, ते मी कधी विसरणार नाही. तरी भिशीवरून परत येताना लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघवायचं नाही मला. हसून हसून गाल दुखत असायचे आणि आत काहीतरी विझल्यासारखं वाटायचं.

मी नाशिकला तिवंध्याजवळच्या एका वाड्यात वाढले. आजोबा सराफाकडे दिवाणजी होते, खतावणी मोडीत लिहायचे. त्यांच्या जुन्या वह्या माळ्यावर होत्या. दुपारी सगळे झोपले की मी त्या काढून बसायची. वाचता काही येत नसे, पण एक अक्षर दुसऱ्याचा हात धरून ओळीच्या टोकापर्यंत जातं ते बघत राहावंसं वाटायचं. पुढे बी. कॉम. झालं, अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले, लग्न होऊन इंदिरानगरला आले. वाडा पडला, वह्या कुठे गेल्या कोण जाणे.

एकदा भिशीत मी उत्साहाने त्या वह्यांबद्दल बोलायला लागले. दोन मिनिटांत खोली गप्प झाली. एक जण प्रेमानेच म्हणाली, "अगं, तू फार सिरियस होतेस बाई!" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. मालिका, अ‍ॅडमिशन, सोन्याचा भाव, या सगळ्यावर बोलायला शिकले. छान जमायला लागलं. जमायला लागलं हेच वाईट झालं असं आता वाटतं.

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून भाचा आला होता, त्याला पांडवलेणी, म्हणजे इथली डोंगरातली बौद्ध लेणी, दाखवायला घेऊन गेले. दहा नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात चार माणसं वह्या घेऊन खाली बसलेली. एक जण कोठडीच्या दारावरच्या भिंतीशी बॅटरी आडवी धरून उभा. समोरून उजेड टाकला की अक्षरं दिसेनाशी होतात, बाजूने टाकला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि ओळ उठून येते. मी बघत उभी राहिले. सत्तरीचे एक काका म्हणाले, "ताई, उजेड अडतोय." आणि लगेच, "बसा की, जागा आहे."

बसले. त्यांनी वहीत काढून दाखवलं: अधिकची खूण, खालचा पाय जरा लांब, तो 'क'. मी भिंतीवर 'क' शोधायला लागले. एक सापडला, मग तिसरा, पाचवा. भाचा कंटाळून माकडं बघायला गेला. तास कसा गेला कळलं नाही.

आता दर रविवारी सकाळी सातला आम्ही पाथर्डी फाट्यावर भेटतो. काका आयटीआयमधून निवृत्त झालेले. एक नर्स आहे, ती रात्रपाळी संपवून थेट येते. आडगावकडचा एक द्राक्षबागायतदार मुलगा आहे, ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तो गायब असतो. कोणी कोणाला फारसं काही विचारत नाही. एखादं अक्षर अडलं की मात्र सगळे त्यावर तुटून पडतात.

मला जे सांगायचंय ते त्या दारावरच्या शिलालेखाचं. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, प्राकृत भाषेतला, ब्राह्मी लिपीतला. इथे राज्य करणाऱ्या क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं बौद्ध भिक्षूंच्या संघाला दिलं आणि सोबत ३००० काहापण, म्हणजे कार्षापण, त्या काळची नाणी. पैसे ठेवले गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. गंगापूर रस्त्याने गेलं की आजही गोवर्धन लागतं. एका श्रेणीकडे २०००, महिन्याला शेकडा एक. दुसरीकडे १०००, दर 'पायून'.

पायून! मी मोठ्याने म्हणाले, "काका, हे तर पाऊण आहे." आपण रोज पाऊण किलो साखर आणतो, पाऊण वाजला म्हणतो, तोच हा शब्द. ऑफिसात मी पाऊण टक्का किती वेळा लिहिला असेल, आणि तो इथे दगडात.

मग हिशोबच मांडला. २००० वर महिन्याला २० व्याज, वर्षाचे २४०. लेखात पुढे लिहिलंय की वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, २४०. ताळा बसला. माझ्या अंगावर काटा आला. ही मुद्दल परत द्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही स्वच्छ लिहिलंय: 'अपडिदातवा वधिभोजा'. निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं, फलकावर नोंद केली. पुढे जोडलेल्या मजकुरात ७०००० कार्षापण म्हणजे २००० सुवर्णांची, सोन्याच्या नाण्यांची, किंमत, पस्तीसला एक या भावाने. तेही करून बघितलं, बरोबर येतं. कोणीतरी माझ्यासारखंच माणूस आकडे तपासत बसलं असणार. आजोबांसारखं.

त्या दिवशी वही मांडीवर घेऊन मी रडले. नर्सने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

गेल्या दिवाळीत भिशीचा हिशोब दुसऱ्या मैत्रिणीकडे दिला. मी अजून जाते, पण दर वेळी नाही आणि आवडेल त्या रंगात. मध्ये एकीने विचारलं, रविवारी गाडी घेऊन जातेस कुठे? या वेळी मी सगळं सांगितलं, पाऊणसकट. ती म्हणाली, मला नाही कळलं, पण तू बोलताना छान दिसतेस.

सध्या आम्ही तीन नंबरच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख घेतलाय. मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचा पराक्रम आईने कोरवून घेतलाय, आणि त्यात याच क्षहरात वंशाचा, नहपानाच्या घराण्याचा, नायनाट केल्याचं आहे. आमची पाचवी ओळ चालू आहे. परवा बॅटरी धरायची पाळी माझी होती, नर्स अक्षरं उतरवत होती, काका चष्मा पुसत मागून म्हणत होते, "जरा खाली घ्या ताई, अजून खाली, हां, तिथेच."