आमची वाटचाल : हारांच्या दुकानापासून पीच गुलाबांच्या लग्नसजावटीपर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात पुण्यात महात्मा फुले मंडईच्या परिसरात वडिलांनी मांडलेल्या हारांच्या लहानशा दुकानातून झाली. देवपूजेची सुटी फुले, गणेशोत्सवातल्या कंठ्या, दसऱ्याची झेंडूची तोरणे आणि लग्नसराईत वरमाला व वेण्या एवढाच त्या काळी व्यवसायाचा पसारा होता. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणायचा, आईने आणि शेजारच्या दोन बायकांनी तो गुंफायचा आणि संध्याकाळपर्यंत दुकान रिकामे करायचे, हा दिनक्रम अनेक वर्षे चालला. आज आमचे मुख्य काम संपूर्ण लग्नाची फुले एकाच रंगकुळात बसवून देण्याचे आहे आणि त्यातही पीच गुलाबांची मागणी सर्वाधिक असते. ‘एका रंगाची फुले लावायची, त्यासाठी दोन-दोन महिने आधी बोलणी कशाला?’ असा प्रश्न यजमान मंडळी हमखास विचारतात. आमची वाटचाल या प्रश्नाच्या उत्तरातूनच घडली असल्यामुळे ती सविस्तर लिहीत आहे.

वडिलांच्या काळात लग्नातल्या फुलांचे रंग जणू ठरलेलेच असत. वरमालेत लाल गुलाब आणि निशिगंध, मांडवाला झेंडू, करवल्यांच्या केसांत मोगरा किंवा शेवंती. मांडव सजवणारा आपली फुले आणी, हार आमच्याकडून जात, गजरे तिसरीकडून येत आणि ती एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्याची कोणाला गरज वाटत नसे. गावठी गुलाबाची गड्डी हीच तेव्हा गुलाबाची ओळख होती. मावळात पॉलिहाऊस उभी राहू लागली आणि तळेगाव दाभाड्याला औद्योगिक विकास महामंडळाचे पुष्पोद्यान आले, तेव्हा लांब दांड्याचा, मोठ्या कळीचा डच गुलाब पुण्याच्या बाजारात नियमित दिसू लागला. वीस काड्यांची, पन्हळी कागदात गुंडाळलेली ती गड्डी लाल, पांढरी, पिवळी, केशरी आणि फिकट गुलाबी अशा अनेक रंगांत मिळू लागली आणि नवऱ्या मुली आपल्या साडीच्या रंगाशी मिळणारी फुले मागू लागल्या.

पीच हा त्या सगळ्यांत अवघड रंग आहे, असे माझे ठाम मत आहे. गुलाबाच्या पाकळीतला लाल-गुलाबी रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि पिवळा रंग कॅरोटिनॉइडमुळे. पीच छटा या दोहोंच्या मिश्रणातून तयार होते आणि हे मिश्रण स्थिर नसते. थंडीत अँथोसायनिन अधिक साठते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तोच गुलाब गुलाबीकडे झुकतो. एप्रिल-मेच्या उन्हात ते कमी पडते आणि त्याच झाडाची फुले सायीसारखी फिकट निघतात. त्याशिवाय फूल उमलत जाते तसतशी बहुतेक जातींतली रंगाची तीव्रता उतरते, त्यामुळे सकाळची घट्ट कळी आणि दुसऱ्या दिवशीचे पूर्ण उमललेले फूल शेजारी ठेवल्यास ती दोन वेगळ्या जातींची वाटावीत इतका फरक पडतो. लाल गुलाबात असा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पांढऱ्यात तो खपून जातो. पीचमध्ये मात्र तो छायाचित्रात थेट उतरतो. म्हणून रंग जुळवणे याचा अर्थ आमच्या दृष्टीने एकच छटा सगळीकडे लावणे असा नाही; फिकट मलईपासून गडद जर्दाळूपर्यंतच्या छटा आधी ठरवून, त्यांचा क्रम राखून, मांडवापासून वेणीपर्यंत उतरवणे असा आहे.

बोलणी करताना आम्ही पहिली गोष्ट मागतो ती साडीच्या ब्लाऊजपीसची पट्टी. मोबाइलवरच्या छायाचित्रात पैठणीचा रंग कधीच खरा दिसत नाही आणि पैठणीत उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा असेल, तर तिची छटा हलतीच असते. ती पट्टी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, फुलांसमोर धरून पाहिल्याखेरीज आम्ही जात नक्की करत नाही. त्यानंतर कार्यालयातील दिव्यांची चौकशी करतो. पिवळ्या प्रकाशात पीच गुलाब नारिंगी दिसतो आणि निळसर पांढऱ्या दिव्यांखाली तो राखी, निस्तेज वाटतो. दिवसाचा मुहूर्त असेल आणि मांडव उघडा असेल, तर ही चिंता उरत नाही. पण संध्याकाळच्या स्वागत समारंभात रंगीत झोत टाकायचे असतील, तर व्यासपीठाच्या पाठीमागे पीच फुलांवर खर्च करू नका, असे आम्ही यजमानांना स्पष्ट सांगतो. त्यामुळे आमचे काम कमी होते, तरीही सांगतो, कारण तेवढे पैसे त्यांना जेवणाच्या पंगतीतल्या किंवा प्रवेशद्वाराच्या फुलांसाठी वापरता येतात.

अनेक मुली परदेशी लग्नांची छायाचित्रे घेऊन येतात. त्यांत बहुधा ‘ज्युलिएट’ हा डेव्हिड ऑस्टिन या इंग्रज गुलाबतज्ज्ञाचा गुलाब असतो. २००६ मध्ये लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात तो प्रथम मांडला गेला. त्याचा आकार वाटीसारखा, पाकळ्या दाट आणि एकात एक गुंतलेल्या असतात. डच पद्धतीचा गुलाब मधोमध उंच आणि बाहेर वळणाऱ्या पाकळ्यांचा असतो. ‘पीच ॲव्हलांश’ ही जात या घडणीची. दोन्ही सुंदर आहेत. परंतु पॉलिहाऊसच्या डच गुलाबाला ज्युलिएटचा आकार येत नाही, हे आम्ही छायाचित्र पाहतानाच सांगतो. बाहेरच्या दोन पाकळ्या काढून, फूल कोमट पाण्यात ठेवून अधिक उमलवले, तर भरगच्चपणा बऱ्यापैकी येतो आणि नमुना हातात घेतल्यावर बहुतेक मुलींना तो पसंत पडतो.

सुरुवातीची काही वर्षे आम्ही हा माल बाजारातूनच घेत होतो. एका लग्नाच्या आदल्या दिवशी एका व्यापाऱ्याकडून आलेल्या गड्ड्यांत दोन वेगवेगळ्या शेतांतला माल मिसळलेला निघाला. कळ्या सारख्या दिसत होत्या. पण रात्रभर पाण्यात राहिल्यावर निम्म्या मलईकडे उमलल्या आणि निम्म्या उघड गुलाबी झाल्या. आम्ही गुलाबी फुले प्रवेशद्वारापाशी आणि जेवणाच्या दालनात लावून, बोहल्याकडे जाताना रंग हळूहळू फिकट होत जाईल अशी मांडणी केली. ती यजमानांना इतकी आवडली की पुढे रंगांचा तो उतार आमच्या कामाचा भागच झाला. मात्र त्यानंतर पीच गुलाबासाठी आम्ही थेट मावळातील उत्पादकांकडे जाऊ लागलो आणि एका लग्नाची सगळी फुले एकाच पॉलिहाऊसमधल्या एकाच जातीच्या वाफ्यांतून घेण्याचा नियम केला.

या निर्णयाने व्यवसायाचे गणित बदलले. गुलाबाची फांदी खुडल्यापासून नवीन फूल काढणीला यायला साधारण सहा ते सात आठवडे लागतात, थंडीत थोडे अधिक. म्हणजे लग्नाची तारीख कळली की उत्पादकाला त्या हिशेबाने खुडणी करावी लागते, आणि आमची दोन महिने आधीची बोलणी यासाठीच असतात. त्यातही १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन दिनाचे बंधन मोठे आहे. त्या दिवसासाठी मावळातून गुलाब निर्यात होतो आणि देशातल्या मोठ्या शहरांतही जातो, त्यामुळे जानेवारीच्या अखेरीपासून शेतावरचे सारे मनुष्यबळ, शीतगृह आणि वाहने त्या कामात गुंतलेली असतात आणि भाव चढतात. त्या पंधरवड्यात मुहूर्त असेल, तर दर आधी ठरवून आगाऊ रक्कम देण्यावाचून पर्याय नसतो. उत्पादकाला आम्ही ठरलेला दर बाजार पडला तरी देतो. बाजार चढला तरी तो आमचा माल दुसरीकडे वळवत नाही. हा शब्द दोन्ही बाजूंनी पाळला गेला म्हणून आम्ही टिकलो.

काढणीनंतरचे काम सर्वांत नाजूक असते. फुले दोन ते चार अंश सेल्सिअस तापमानाच्या शीतगृहातून आली की काड्यांची खालची पाने काढून, टोक पाण्याखाली तिरके कापून, ती स्वच्छ बादल्यांत ठेवतो. काडीत हवेचा बुडबुडा अडकला, तर पाणी वर चढत नाही आणि फूल मानेत वाकते. फिकट पाकळ्यांवर बोट्रायटिस या बुरशीचे बारीक डाग पडतात, म्हणून ओलसर फुले एकमेकांवर रचायची नाहीत, हे आमच्या प्रत्येक नवीन कारागिराला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. हिवाळ्यात फूल मुहूर्ताला अर्धे उमललेले हवे असेल, तर ते अधिक आधी आणावे लागते. मे महिन्यात एक दिवस पुरतो.

वरमाला हा आमच्या घराण्याचा मूळ व्यवसाय आणि आजही तो आम्ही कोणावर सोपवत नाही. पीच गुलाबाची पाकळी बोटाच्या दाबानेही तपकिरी होते, त्यामुळे फूल धरायचे ते देठाच्या वरच्या हिरव्या भागालाच आणि सुईही तिथूनच ओवायची. नुसत्या डच गुलाबांचा हार दिसायला भरदार असला तरी खांद्यावर जड होतो, शालूवरून घसरतो आणि वधूला पूर्ण समारंभभर तो सावरत बसावे लागते. आमच्या हारात म्हणून निशिगंधाच्या पदरांचा मोठा वाटा असतो. गुलाब फक्त छातीपाशी आणि खालच्या पदकात येतो. वधूवरांची उंची आम्ही आधी विचारून घेतो. हार मुहूर्ताच्या दिवशी पहाटेच गुंफले जातात आणि ओल्या मलमलीत गुंडाळून पाठवले जातात, कारण रात्री गुंफलेल्या हारातला पीच गुलाब मंगलाष्टकांपर्यंत आपला रंग राखत नाही. मुंडावळ्या फुलांच्या हव्या असल्यास त्या आम्ही निशिगंधाच्या कळ्यांच्याच करतो. हळदीच्या समारंभाला मात्र पीच रंग नको, तिथे झेंडूच शोभतो, असे माझे मत आहे आणि ते मी आग्रहाने मांडते.

जोडीच्या फुलांबाबत आमचा अनुभव असा की पीच गुलाबाला शुभ्र पांढऱ्यापेक्षा मलई रंगाची शेवंती अधिक मानवते. पाठीमागे कामिनीची पाने आणि थोडी जिप्सोफिला पुरेशी होते. उन्हाळ्यात गुलाब फिकट येतो, तेव्हा गडद कार्नेशन मिसळून तो उठावदार करावा लागतो. थंडीत तो स्वतःच गडद असतो, तेव्हा मलई छटांनी शांत करावा लागतो. केसांतली फुले ऋतूप्रमाणे बदलतात, कारण मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात असतो आणि मार्गशीर्षातल्या लग्नात भरवसा शेवंती व निशिगंधावरच ठेवावा लागतो. सिंधुदुर्गातून आलेल्या एका वधूच्या आईने अबोलीच्या वेणीचा हट्ट धरला, तेव्हा ती वेणी पीच गुलाबांशेजारी इतकी सुरेख जुळली की कोकणातल्या आणि गोव्यातल्या कुटुंबांना आता आम्ही स्वतःहून अबोली सुचवतो. अबोलीला गंध नसतो, पण ती लवकर कोमेजत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सारे थांबले. पॉलिहाऊसमधील झाडे फुलायची थांबत नाहीत. मावळातील शेतकऱ्यांना तोडलेली फुले टाकून द्यावी लागली, ते दिवस आठवले की आजही मन विषण्ण होते. नंतर लग्नांना पन्नास माणसांची मर्यादा आली आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती पंचवीस माणसे आणि दोन तासांवर आली. मोठ्या मांडवांचे काम संपले; परंतु घराच्या दिवाणखान्यात, गच्चीवर होणाऱ्या त्या लहान लग्नांत प्रत्येक फूल जवळून पाहिले जाऊ लागले. चौरंगाभोवतीची आरास, अंतरपाटाची कडा, वरमाला आणि आईच्या हातातले ताट हे सगळे एकाच चौकटीत दिसत होते आणि दूर असलेले नातेवाईक तेच पडद्यावर पाहत होते. थोड्या फुलांत काटेकोर जुळणी करण्याची आमची पद्धत याच काळात पक्की झाली आणि निर्बंध उठल्यावर मोठ्या लग्नांनीही तिचीच मागणी केली.

त्याच सुमारास आम्ही सजावटीतला हिरवा फोम वापरणे बंद केले. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही आणि त्याचा भुगा फुलांच्या कचऱ्यात मिसळला की त्या कचऱ्याचे खतही होत नाही. त्याऐवजी पाण्याने भरलेल्या भांड्यांत तारेची जाळी बसवून फुले उभी करतो. यात वेळ अधिक लागतो आणि भांडी वाहून नेण्याचा खर्च वाढतो, हे खरे. पण फूल पाण्यात राहिल्याने संध्याकाळच्या समारंभापर्यंत ताजे राहते आणि दुसऱ्या दिवशी सारा फुलोरा थेट खताच्या खड्ड्यात जातो. गुंफण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांना आम्ही हारामागे पैसे देण्याऐवजी दिवसाची मजुरी देतो, कारण नगावर मजुरी असली की हात घाईने चालतो आणि पीच गुलाब घाई सहन करत नाही.

आज एका मुहूर्ताला आम्ही एकच लग्न घेतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची यादी हाती आली की ती सप्टेंबरमध्येच उत्पादकांना देतो, म्हणजे त्यांना खुडणीच्या तारखा लावता येतात. येत्या हंगामासाठी एका उत्पादकाने आमच्या सांगण्यावरून पीच गुलाबाच्या दोन जाती शेजारी शेजारच्या वाफ्यांत लावल्या आहेत, एक उन्हातही रंग धरणारी आणि दुसरी मुळातच फिकट. पहिली तोडणी आली की दोन्हींच्या कळ्या एकाच बादलीत, एकाच पाण्यात ठेवून रोज त्यांचा रंग ब्लाऊजपीसच्या पट्ट्यांशी ताडून पाहणार आहोत, आणि मे महिन्यातील लग्नांची बोलणी त्यानंतरच पक्की करणार आहोत.